व्याह्यांच्या वाचनातली गिरजाबाई

लिहिलेलं काही दिसलं आणि आमचे व्याही ते न वाचता पुढे गेले, असं या अख्ख्या ऑस्ट्रेलिया खंडात अजून घडलेलं नाही. पुस्तकं आणि पेपर सगळेच वाचतात. व्याही पाट्या वाचतात, औषधाच्या बाटल्या वाचतात, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचतात. कचऱ्याच्या डब्यांबद्दल कौन्सिलचं पत्रक आलं की ते खुर्चीत मागे रेलून, चष्मा पुसून, कादंबरी वाचावी तसं वाचतात आणि शेवटी सुस्कारा सोडतात. लाल झाकणाच्या डब्यात काय टाकावं आणि पिवळ्या झाकणाच्या डब्यात काय, यात सुस्कारा सोडण्यासारखं काय आहे, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "व्याहीबुवा, 'डब्यात गरम राख टाकू नये' असं छापलंय. म्हणजे कुणीतरी टाकली. डोळ्यांपुढे आणा जरा. रस्त्यात डबा पेटलाय, शेजारीपाजारी जमलेत, आणि तो बिचारा लुंगीवर धावतोय." मी म्हटलं, इथे लुंगी कुठली? त्यावर त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं, चड्डीवर. पण धावला ना?"

जगात जे जे लिहिलंय ते कुणाच्या तरी अंगावरून गेलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. कादंबरीवाला ते सगळं सांगतो, पाटीवाला फक्त शेवट सांगतो, आधीचं आपण लावून घ्यायचं. नाशकात विमा कंपनीत त्यांनी जन्मभर क्लेमचे कागद वाचले. 'जिन्यावरून पाय घसरून पडले' एवढ्या ओळीवर साहेब सही करून मोकळे व्हायचे, आणि हे घरी येऊन बायकोला विचारायचे की तो माणूस जिन्यावरून इतक्या घाईने कशाला उतरत असेल. बायको म्हणायची, गॅस चालू राहिला असेल. ते तिला पटायचं, त्यांनाही पटायचं, आणि मग दोघं जेवायला बसायचे. ती माऊली जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सवय राहिली.

आम्ही दोघे व्याही एकाच घरात कसे, हे इथल्या लोकांना सांगावं लागत नाही, पण तिकडच्या वाचकांना सांगतो. माझा मुलगा हॉस्पिटलात लॅबमध्ये, सून, म्हणजे यांची मुलगी, तिथेच नर्स. दोघांच्या शिफ्टा उलटसुलट, आणि नात लहान. इतरांकडे सहा महिने मुलाचे आईवडील येतात, सहा महिने मुलीचे. आमच्याकडे दोन्ही बाजूंना एकेकच माणूस शिल्लक होता. सून म्हणाली, दोघेही या, खोल्या आहेत. मी माझ्या पिठाच्या गिरणीला कुलूप लावून कराडहून आलो, ते नाशकाहून आले. आलो तेव्हा माझी बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं.

व्याही आले पण अवघडले. लेकीच्या घरी बापाने फार दिवस राहून जेवू नये, या जुन्या मताचे. त्यात समोर मी, वरपक्ष, दोन्ही वेळा ताटावर हजर. पहिल्या आठवड्यात ते रोज मला टॉवेल-टोपी दिल्यासारखं काहीतरी द्यायचे, कधी केळं, कधी पेपर, कधी त्यांच्या वाट्याची करंजी. सून म्हणाली, "बाबा, प्लीज, हे काय चाललंय?" शेवटी त्यांनीच तोड काढली. रोज दुपारी, नात शाळेतून यायच्या आधी, ते मला पुस्तक वाचून दाखवतील. मला वाचता येत नाही असं नव्हे. चौथीपर्यंत शिकलोय, गिरणीवरची पाटी मीच रंगवली होती. पण मुलीचा बाप हातात पुस्तक धरून समोर बसलाय आणि आपण पाय पसरून ऐकतोय, यात जो मान आहे तो स्वतः वाचण्यात नाही. मी हो म्हटलं.

त्यांच्याबरोबर बाहेर पडणं म्हणजे मात्र कसोटी. नाल्याकाठच्या वाटेवर 'पक्षी घरट्यावर आहेत, झडप घालतील' अशी पाटी लागली की लोक रस्ता बदलतात. व्याही पाटीखाली थांबून वर झाडाकडे बघत म्हणायचे, "आई आहे हो ती, दुसरं काय करणार?" तोवर ती आई त्यांची टोपी घेऊन जायची. नात म्हणायची, "आजोबा, इट्स जस्ट अ साइन." ते तिला समजवायचे की बाळा, साइन कधीच जस्ट नसते. हॉस्पिटलच्या कारपार्कात 'तिकीट हरवल्यास पूर्ण दिवसाचे पैसे' असं लिहिलेलं आहे. लेकीला आणायला गेलो होतो तेव्हा ते त्या यंत्रापुढे उभे राहिले. मागे गाड्यांची रांग. म्हणाले, "ज्याचं तिकीट हरवलं त्याच्या घरचं माणूस त्या दिवशी वर वॉर्डात कसं असेल?" मागच्याने हॉर्न दिला. मला मात्र त्या दिवशी यांना हाताला धरून ओढावंसं वाटलं नाही.

एकदा पत्रपेटीत घर विकण्याची जाहिरात आली. 'एकाच कुटुंबाने जपलेलं घर, प्रथमच विक्रीला.' झालं. शनिवारी विकाऊ घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात, तसे आम्हीही गेलो. लोक भिंती वाजवून बघत होते, व्याही बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन, ज्या म्हातारीने ते घर जपलं असणार तिला शोधत होते. एजंट तरुण, चकचकीत बुटांचा. त्याला वाटलं, घर स्वस्तात मिळावं म्हणून म्हातारबाबा लाडू देताहेत. व्याह्यांनी त्याला आपल्या इंग्रजीत विचारलं की इतकी वर्षं जपलं, मग ती गेली कुठे, आणि दारावरची पोरांच्या उंचीची खूण रंगवून का टाकली. तो म्हणाला, "नो वरीज, मेट." व्याही म्हणाले, "वरी आहे." अखेर लाडू त्यालाच दिले. त्याने एक खाल्ला, आणि म्हातारी लेकीकडे राहते, बरी आहे, असं सांगितलं. खरं होतं की नाही कोण जाणे, पण व्याही येताना शीळ घालत आले.

तर दुपारचं वाचन. त्यांच्या ट्रंकेत एक जाड कादंबरी होती, पुठ्ठा निसटलेली, सुतळीने बांधलेली. घाटरस्त्यावर खानावळ चालवणाऱ्या गिरजाबाईची गोष्ट. बाई अशी की ट्रकवाल्यांना हात धुतल्याशिवाय भाकरी देत नसे, आणि नवऱ्याशी जे काही बोलायचं ते चुलीला उद्देशून बोले. व्याही वाचतात मोठं झकास. ट्रकवाला आला की आवाज खर्जात, गिरजाबाई आली की भुवया वर. मी गिरणीत आयुष्य काढलं, बायकांचं बोलणं ऐकतच काढलं. गिरजाबाई माझ्या गिरणीवर दळणाला येऊन गेली असावी, इतकी मला ती ओळखीची वाटे. माझी आणि तिची दुपार ठरून गेली.

मग गिरजाबाई आजारी पडली. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवलं. व्याही त्या दिवशी हळू वाचत होते. मी मध्येच विचारलं, "तिला घरी कधी सोडणार?" त्यांनी पान उलटलं, वर माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी गिरजाबाई घरी आली. टेम्पोतून उतरल्या उतरल्या तुळशीला पाणी कुणी घातलं नाही म्हणून तिने नवऱ्याला, म्हणजे चुलीला, जे काही सुनावलं ते ऐकून मी पोट धरून हसलो. त्यानंतर तिने खानावळ वाढवली, घाटाखाली दुसरी काढली, लेकीचं लग्न केलं. लग्नात वरपक्षाने जिलबी पाकात कमी मुरलीय म्हणून नाक मुरडलं, तेव्हा ती अशी काही बोलली की मी व्याह्यांकडे जरा संशयाने बघितलं. त्या दिवसांत ते पानं क्वचितच उलटत आणि बराच वेळ पुस्तकाच्या वरून खिडकीकडे बघून वाचत. नंबर वाढला असेल, असं मी समजलो.

इथल्या लायब्ररीत आपली मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतात. कुणी पुण्याचे इंजिनियर, कुणी युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला आले ते इथलेच झालेले. एका पुस्तकावर सगळ्यांनी बोलायचं. त्या महिन्याला कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई बोलणार होत्या, आणि पुस्तक नेमकं आमचं. बाई म्हणाल्या की गिरजाबाईचं दुःख फार संयमाने आलंय. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि सांगितलं की दुःख कसलं, बाई खमकी आहे, लेकीच्या लग्नात वरपक्षाची जिलबीवरून कशी जिरवली ते विसरलात काय. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, गिरजाबाई लग्नाआधीच जाते. दवाखान्यात." मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात छपाईची चूक असेल, माझ्या कानांनी ऐकलंय. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. दुष्टपणे नाही, पण हसले. बाईंनी पान उघडून पुढे धरलं. मी व्याह्यांकडे वळलो. ते भिंतीवरची 'मोबाईल बंद ठेवावेत' ही पाटी अतिशय मन लावून वाचत होते.

घरी येईपर्यंत मी बोललो नाही. नंतरही नाही. चारचौघांत मला तोंडघशी पाडलं होतं, आणि तेही मुलीच्या बापाने. दुपारी ते पुस्तक घेऊन यायचे, मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जायचो. वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायचो. सून विचारायची, "तुमचं दोघांचं काय बिनसलंय?" मी म्हणायचो, त्यांना विचार, ते छान सांगतात. तशात मेलबर्नजवळच्या वेरिबीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याच्याकडे दुसरं बाळ येणार होतं, आणि आता आजोबांची गरज तिकडे होती. व्याही बॅग काढून बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझी दुपार चालली, आणि मी मात्र कपडे वाळत घालतोय.

ते नातीला आणायला शाळेत गेले असताना मी सुतळी सोडली आणि ते पान काढलं. ओळीखाली बोट धरून वाचलं. गिरजाबाई गेल्याचं दोन ओळींत लिहिलं होतं. एवढी बाई, दोन ओळींत. चांगलं लिहिलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी बायको कराडच्या दवाखान्यात होती तेव्हा रोज सकाळी एकच विचारायची, घरी कधी सोडणार. मी रोज म्हणायचो, उद्या. तिचंही लिहायला गेलं तर दोनच ओळी होतील.

व्याही परत आले तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. नात टीव्हीकडे पळाली. ते उभेच राहिले. म्हणाले, वरपक्षाला अशुभ बातमी मुलीच्या बापाने द्यायची पद्धत नाही. मी म्हटलं, थट्टा पुरे, खरं सांगा.

"तुम्ही विचारलंत, तिला घरी कधी सोडणार," ते म्हणाले. "तुम्ही गिरजाबाईबद्दल विचारताय असं मला वाटलं नाही."

मी पुस्तक मिटलं. सुतळी बांधायला वेळ लागला, गाठ नीट बसेना. मग म्हटलं, "यात जे छापलंय ते मला आधीच ठाऊक आहे. तुम्ही वाचता ते ठाऊक नाही. लग्न झालं, जिलबी संपली. पुढे वाचा."

ते खाली बसले, चष्मा पुसला आणि खिडकीकडे बघून वाचू लागले. जाण्याच्या दिवसापर्यंत एकही दुपार चुकली नाही. पुढच्या महिन्यात मी लायब्ररीतही गेलो आणि सर्वांना सांगितलं की गिरजाबाईच्या दोन गोष्टी आहेत, तुमच्याकडे छापलेली आहे, आमच्याकडे पुढची. बाईंनी पुढची ऐकायला मागितली. जिलबीचा प्रसंग मी दोनदा सांगितला.

आता ते वेरिबीला आहेत. तिथली ट्रेन कशी आहे, हवा कशी आहे, ते मला ठाऊक नाही, पण तिथल्या सगळ्या पाट्यांची आणि त्यामागच्या माणसांची मला खडान्‌खडा माहिती आहे. जाताना पुस्तक माझ्याकडे ठेवून गेले, वरपक्षाचा शेवटचा मान म्हणून. दर रविवारी दुपारी फोन येतो. पुस्तक इथे माझ्या मांडीवर असतं, आणि तिकडून ते वाचतात. मध्येच कागद सळसळल्याचा आवाज येतो. ते पान उलटतात. बहुधा कौन्सिलचं पत्रक असतं. मीही इकडे आमचं पान उलटतो.

गिरजाबाई आता म्हातारी झालीय. लेकीने तिला परदेशी नेलं, तिथेही ती एजंटांना हात धुतल्याशिवाय जेवायला वाढत नाही. भाजीत चिमूटभर गूळ टाकते. गूळ माझी बायको टाकायची. मी त्यांना कधी बोललो होतो ते आठवत नाही.

मागच्या रविवारी म्हणाले, आताशा थकते हो ती, जिना चढताना मध्ये थांबते. मी म्हटलं, थांबू दे. तिला दवाखान्यात मात्र नेऊ नका, घरीच राहू दे. तिकडे कागद सळसळला आणि व्याही म्हणाले, "हो, इथे तसंच लिहिलंय."