जमनाचा मार्कर आणि माझी घाई

१८ नोव्हेंबर, मंगळवार. कित्येक महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज राहवत नाही.

गंजाड गावची जमना आमच्या वाडीत चिकू तोडायला येते. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. गेल्या वर्षी उपचार संपले. रिपोर्ट इंग्रजीत असतात, म्हणून तिला ते मीच वाचून दाखवते. तेव्हा रक्तातला ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा माग दाखवणारा आकडा, नॉर्मलवर आला होता. मी आनंदाने म्हटलं, "जमना, सुटलीस!"

तिने देवीचा नवस फेडला आणि पुढच्या तपासण्यांना गेलीच नाही. नवस फेडल्यावर पुन्हा तपासायचं म्हणजे देवीवर संशय घेणं, असं घरात ठरलं. मला हे आज कळलं.

कंबर फार दुखते म्हणून तिने तलासरीच्या दवाखान्यात तपासायला रक्त दिलं होतं. आज रिपोर्ट घेऊन आली. मार्कर कितीतरी पट वाढलेला.

"वाचू नका ताई, तुमच्या तोंडावरून समजलं," ती म्हणाली. "देवी रागावली काय?"

"नाही गं. आकडा उतरला ही चांगली खूण होती, खात्री नव्हती. तपासत राहायचं होतं. ते मी सांगितलंच नाही."

"तुम्ही काय देव आहात?" म्हणत ती हसली. मला हसता आलं नाही.

तिचे डॉक्टर मला फोनवर म्हणाले, आजार परतला असावा, स्कॅन करू. आधी आली असती तर? असं मी विचारलं; त्यांनी उद्याची वेळ लिहून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्याचा रिपोर्ट वाचताना तुम्ही कुठे थांबता?

उद्या: जमनाबरोबर स्कॅनला जाणे.