मधल्या घरातली धाकटी

औषधांच्या डब्यातला कापूस इतक्या भराभर कसा संपतोय, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग एका दुपारी चादर बदलताना आईच्या उशीखाली वाती सापडल्या. नीट वळलेल्या, टोकाला चिमटीने पीळ दिलेल्या, सगळ्या एकसारख्या. जिला गाऊनचं बटण लावता येत नव्हतं, त्या बाईने त्या वळल्या होत्या. मी त्या मुठीत घेऊन खाटेवर बसले. मी शाळेत असल्यापासून आमच्या घरात वात नव्हती.

आम्ही विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती आहोत, पण जन्माने नव्हे. वडील वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. ते गेले तेव्हा मी आठवीत होते. आई अशी काही बसून राहिली की गॅसवरचा भात करपून धूर झाला तरी उठायची नाही. शेजारच्या एका बाईने तिला हाताला धरून प्रार्थनेला नेलं. तिथे काय झालं ते आईने पुढे कितीदा तरी साक्षीत सांगितलं. साक्ष म्हणजे देवाने आपलं काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. लोक माईक हातात आला की सोडत नाहीत, पण आईची साक्ष सगळ्यात लहान असायची. "मी कुणाचीच नव्हते. आता मी त्याची आहे." एवढं बोलून ती खाली बसायची, आणि डोळे पुसायचे ते बाकीचे.

तिने बाप्तिस्मा घेतला, पुढे मीही घेतला. दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा कॉलेजात होता. तो चिडून विठ्ठलवाडीला काकांकडे राहायला गेला आणि तिथलाच झाला. पण त्याने नातं तोडलं नाही. दरवर्षी दिवाळीला वहिनीने केलेल्या फराळाचा डबा घेऊन यायचा. फराळ चालतो, प्रसाद चालत नाही, हा आमच्या घरचा कायदा होता आणि दादाने तो कधी मोडला नाही. मी लग्न केलं नाही. डोंबिवलीत मानपाड्याला दोन खोल्या, घरच्या घरी शिकवण्या आणि आई, एवढाच माझा संसार. माझ्याकडे जे काही आहे ते तिने दिलेलं आहे, देवसुद्धा.

ती विसरायला लागली तेव्हा आधी मी तिच्यावर वैतागायचे. मग ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समजुतीने बोलत होते. म्हणाले, या आजारात नंतरचं आधी पुसलं जातं, लहानपणचं शेवटपर्यंत टिकतं, तेव्हा आजी जुन्या गोष्टी काढतील त्या काढू द्या. मी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मात्र माझ्या डोक्यात हिशोब लागला. ख्रिस्त तिच्या आयुष्यात आला तो चाळिशीच्या आसपास. मी त्याच्या आधीची. म्हणजे आधी तो जाणार, मग मी.

आणि तसंच झालं. प्रभूची प्रार्थना ती अर्ध्यावर सोडून द्यायला लागली. मग गाण्यांचे शब्द गेले, नुसती चाल राहिली, मग चालही गेली. एका सकाळी तिने मला अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही इथे कामाला आहात का?" त्याच सुमारास तिच्या बोलण्यात कोकणातला 'गो' परत आला. मुंबईकडे आल्यावर तिने तो मुद्दाम टाकला होता, शेजारणी हसायच्या म्हणून.

आमची मंडळी मानपाडा रोडला एका गाळ्याच्या माळ्यावर भरते. खाली फॅब्रिकेशनचं काम चालतं. रविवारी ते बंद असतं, पण जिन्यात वेल्डिंगचा वास राहतोच. गाणी झाली की पास्टर सगळ्यांना उभं करतात आणि आपण कोण आहोत ते आम्ही एका सुरात म्हणतो. मी देवाचं लेकरू आहे. मला क्षमा मिळाली आहे. मी टाकलेली नाही, मी निवडलेली आहे. याला आम्ही कबुली म्हणतो. पास्टरांचं म्हणणं असं, की माणूस स्वतःला जे मानतो तसाच तो जगतो, म्हणून आधी मानायला शिका आणि तोंडाने म्हणा. मी याची थट्टा करणार नाही. बाप गेलेली, वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी होते मी. माझी मान या वाक्यांनी वर केली. आज मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडते आणि फी बुडवणाऱ्या पालकांना दारात उभं करते, ते याच वाक्यांच्या जोरावर. आई तर ती सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायची.

वाती सापडल्या त्याच आठवड्यातल्या रविवारी ती कबुलीला उठलीच नाही. सगळे म्हणून झाले, बसले, आणि त्या शांततेत तिने मला स्पष्ट आवाजात विचारलं, "ही माणसं कोणावर ओरडतात गो?" मागे दोन मुली फिसकन हसल्या. दुसऱ्या कुणाची आई असती तर मीही हसले असते.

सभा संपल्यावर पास्टर तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला आले, तर ती वाकून त्यांच्या पाया पडायला लागली. ते बिचारे दोन पावलं मागे सरकले. आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वाती-बिती घरात ठेवू नका, सिस्टर. जुनं परत डोकं वर काढतंय. रोज त्यांच्याकडून कबुली म्हणून घ्या. विश्वासाने म्हणून घ्या. सोडू नका."

मी कशाला सोडते? पोरांकडून पाढे घोकून घेणं हाच माझा धंदा आहे. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर सुरू केलं.

"आई, म्हण. मी देवाचं लेकरू आहे."

"मी मधल्या घरातली धाकटी."

"बरोबर आहे. पण आता म्हण, मी देवाचं लेकरू आहे."

"अगो, सांगितलं ना तुला. मधल्या घरातली धाकटी."

तिच्या वाडीवर तीन घरं होती, मधलं तिच्या वडिलांचं. पाच भावंडांत ती शेवटची. कुणीही विचारलं की ती हेच सांगायची आणि असं सांगायची की जणू सगळ्या जगाला ते घर माहीत आहे. मी आवाज चढवला की ती आणखी ताठ बसायची. शिकवणीची मुलं आली की मला गप्प बसावं लागे, ती गेली की मी पुन्हा मागे लागे. देवा, मला माहीत होतं हा शुद्ध छळ आहे. पण माझ्या डोळ्यांदेखत माझी आई त्याच्या हातातून निसटत होती आणि धरून ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मग एके सकाळी ती म्हणाली. अगदी सरळ, एका दमात, "मी देवाचं लेकरू आहे." मी तिला मिठी मारली. माझा हुंदका आवरेना. मिठी सोडली तेव्हा दिसलं, तिची नजर माझ्या हातातल्या बशीवर होती. बशीत बिस्किटं होती. मी एक दिलं. ते खाऊन ती पुन्हा म्हणाली, "मी देवाचं लेकरू आहे," आणि हात पुढे केला. मी सांगितलं असतं तर त्या बिस्किटासाठी ती डोंबिवलीची स्टेशनमास्तर आहे असंही म्हणाली असती.

त्या दिवसापासून मला रविवारी तोंड उघडता येईना. मी उभी राहायचे, ओठ हलवायचे. आजूबाजूचे एवढे आवाज ऐकताना मनात यायचं, आम्ही सगळे नक्की कशाकडे बघून हे म्हणतोय? आणि त्याच्या मागोमाग दुसरं यायचं, ते जास्त भयंकर होतं. माणूस स्वतःला जे मानतो तेच तो असेल, तर माझी आई आता कोण आहे? तिला ख्रिस्त आठवत नाही. नाकारला असता तर परवडलं असतं, नाकारायला तरी तो माहीत असावा लागतो. तिच्या लेखी तो झालाच नाही. ती मरेल तेव्हा कुठे जाईल? मी जाईन तिथे ती मला भेटेल का? आयुष्यभर मी एकटी राहिले ती या एका भरवशावर, की शेवटी आम्ही दोघी एका ठिकाणी असू. मी प्रार्थनेला बसायचे आणि भांडून उठायचे. एकदा तिला तुझं नाव आठवू दे, बिस्किटाशिवाय, एकदाच, मी पुन्हा काही मागणार नाही. वरून काही उत्तर येत नव्हतं.

दादा आला तो अशाच दिवसांत. त्याला दारात बघून आईचा चेहरा उजळला. "दादा इलो," ती म्हणाली. ती त्याला आपला थोरला भाऊ समजत होती. दिवसभर तिने त्याला वाडीच्या गोष्टी विचारल्या, गाय व्यायली का, विहिरीला पाणी आहे का. तोही हो हो म्हणत राहिला. मग माझ्यामागून स्वयंपाकघरात आला.

"मी तिला घेऊन जातो," तो म्हणाला. "आमच्याकडे देवघर आहे. संध्याकाळी दिवा लागतो. तिला तेच पाहिजे ना? इथे तू नुसती तिच्या मागे लागलेली असतेस. वाळली बघ किती."

"ती कुठेही जाणार नाही."

"आणि उद्या काही झालं तर? मी मुलगा आहे तिचा. मी तिला अग्नी देणार. पुरू नाही देणार मी. तिला विचार ना ती कोण आहे."

"तिला विचारून काय उपयोग, दादा? तू कोण हे तरी तिला माहीत आहे का?"

त्याने मान खाली घातली. मग रागाने नव्हे, अगदी हळू म्हणाला, "नाही माहीत. पण मग तुझा देव तरी तिला कुठे माहीत आहे?"

पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो असं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई नेहमीसारखी अस्वस्थ झाली. दिवेलागणीला तिचं असं होतंच. खोलीत येरझारा घालते, पदर नसलेल्या गाऊनवर पदर शोधते. "दिवा लागला नाही अजून. आये ओरडेल." मी ट्यूब लावली. "हा नव्हे गो." ती दाराची कडी काढायला गेली. मी तिला धरलं तशी माझ्या हातावर ओरबाडून रडायला लागली. रोज मी हे थोपवायचे, टीव्ही लावून, खायला देऊन, कधी ओरडून. त्या दिवशी माझ्यात बळ उरलं नव्हतं. सिस्टरांनी सांगूनही त्या वाती मी फेकल्या नव्हत्या, कपाटात मागे सारून ठेवल्या होत्या. एक काढली. स्टीलच्या वाटीत खायचं तेल ओतलं, काडी ओढली. दिवा मी कुणाच्या तसबिरीसमोर ठेवला नाही, नुसता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पण असल्या पळवाटा मनाला पटत नाहीत.

आईने हात जोडले. डोळे मिटून लहान मुलीच्या आवाजात तिने परवचा म्हटला, एकही शब्द न चुकता. तिचे खांदे सैल झाले, चेहरा निवला. इतके महिने मी जी शांती तिच्यासाठी मागत होते ती माझ्यासमोर उभी होती आणि मला ती बघवेना. मी माझ्या हाताने तिला परत पाठवलं होतं. मी फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता.

रडता रडता कळलं, ती माझ्या बाजूला येऊन टेकली आहे. वाकून माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती.

"कुणाची गो तू?"

याचं उत्तर मी आठवीनंतर दर रविवारी दिलेलं आहे. देवाचं लेकरू. ते तोंडातून बाहेर आलं नाही. तुझी, असं म्हणावंसं वाटलं, तेही आलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"हरवलीस?"

मी मान डोलावली.

"मीपण हरवलेले. जत्रेत. माणसं विचारत होती, कुणाची, कुठली. मला सांगताच येईना. नुसती रडत होते."

"मग?"

"मग काय? बाबा आले शोधत." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "मला सांगता येत नव्हतं. पण त्यांना ठाऊक होतं ना, मी त्यांची."

तिने गाऊनची कड ओढून माझं तोंड पुसलं, खरबरीत, मी लहान असताना पुसायची तसंच. मग दाराकडे पाहिलं.

"तुझं माणूस आलं नाही अजून?"

"नाही आलं."

"येईल. रडू नको. तोवर इथे दिव्याजवळ बस, म्हणजे त्याला दिसशील."

मी सरकून बसले.