धोट्याच्या करारातलं चौथं पान

मागच्या रविवारी सकाळी एक माणूस आमच्या घरी संत्रा बर्फी घेऊन आला... आणि मला तिथेच शंका आली. नागपूरकराच्या घरी कोणी संत्रा बर्फी नेतं का? एक तर याला अक्कल नाही, नाही तर फारच आहे.

मी सांगते आहे, टाइप माझी नात रुची करते आहे, कारण मला लिहिता-वाचता येत नाही. पोरगी शहाणी आहे, पण तिच्यावरही माझं लक्ष आहे.

तो माणूस आला होता माझ्या नातवाच्या, प्रज्वलच्या बँडसाठी. ब्लूज रॉक की काय ते वाजवतात. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, असं प्रज्वलने मला समजावलं होतं. मी म्हटलं, "तुले कोणतं दुःख हाये रे बाबू? दोडक्याची भाजी केली, हेच ना?"

आठ वर्षं झाली. आमचा हातमाग बंद पडला, त्या खोलीत बँडच्या या चौघांनी भिंतींना गाद्या टांगल्या आणि ड्रम मांडले. बँडचं नावही तिथलंच उचललं... धोटा. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो ना, तो. मला न विचारता.

नागपुरातच सदर भागातल्या कॅफेत वाजवलं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं, स्लीपरने पुणे-बंगलोर करून आले. लोक विचारायचे, लग्नात वाजवता का? प्रज्वल आणि ड्रमवाला अंकित दिवसा मिहानच्या कंपन्यांत नोकरी करतात, चौथा गिटारवाला दुकान सांभाळतो. बेस वाजवणारी सायली शिकवण्या घेते. ती जरा जास्तच वेळा पाया पडते, म्हणून माझा तिच्यावरही संशय होता.

मागच्या वर्षी त्याच खोलीत अल्बम करून त्यांनी स्वतःच नेटवर टाकला. दूरदूरचे लोक ऐकतात म्हणे... मला तेही खरं वाटत नव्हतं. पण बर्फीवाल्याच्या कंपनीने ऐकला होता. मोठे शो, मोठा स्टुडिओ, सगळं देणार होते. चौघं पेन काढून तयार!

पण आमच्या घरात कागद आधी मला वाचून दाखवायचा, मग सही. याला कारण आहे. माझ्या मालकांनी, म्हणजे रुचीच्या आजोबांनी, साडीच्या काठाची एक नक्षी बसवली होती, चिंचेच्या पानांची. एका व्यापाऱ्याने गोड बोलून कागदावर त्यांचा अंगठा घेतला. पुढे तीच नक्षी आम्ही विणली, तर नोटीस आली... मरेपर्यंत त्यांनी ती पुन्हा मागावर घेतली नाही.

म्हणून मी बर्फीवाल्याला म्हटलं, वाचा. कागद इंग्रजी, तो मराठीत सांगत गेला. प्रज्वलला लाज वाटायला लागली.

"आजी, काहून शंका घेऊन राहिली वं? आम्ही पीडीएफ पाहिली न."

"पाहिली का वाचली?"

प्रज्वलने मोबाईल काढून पीडीएफ शोधायला घेतली.

मला अक्षर कळत नाही, म्हणून मी हात बघते. मागावर जन्म गेलाय, एक तार सुटली तरी डोळा तिथे अडतो. पहिली दोन पानं त्याने बोट ओलं करून एकेक उलटली. मग मात्र तिसरं आणि चौथं एकदम गेलं.

त्याचं वाचून झालं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बर्फी खा. तवरक सायली वाचते."

"आजी, सगळं तेच आहे हो."

"मग तं लवकरच होईल."

चौथ्या पानावर सायलीचा आवाज बारीक झाला. झालेली आणि पुढे होणारी सगळी गाणी कंपनीची. 'धोटा' हे नावही कंपनीचं. बँड मोडला तरी कंपनीला विचारल्याशिवाय ती गाणी कुठे वाजवायची नाहीत.

"ही फक्त फॉर्मॅलिटी असते," बर्फीवाला म्हणाला.

"फॉर्मॅलिटीच हाये तं काढून टाका."

तो अंगणात जाऊन फोनवर बोलला, परत आला आणि म्हणाला, निघत नाही. प्रज्वलने पेनाचं टोपण लावलं. अंकित दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचंही बरोबर आहे... आठ वर्षांनी एक दार उघडलं होतं आणि म्हातारीने ते लावून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी सदरच्या कॅफेत मी पहिल्यांदाच त्यांना ऐकायला गेले. चाळीसेक लोक होते. कान बधिर झाले, पण दुःखाचं गाणं यांना जमतं, एवढं कबूल करते.

ही पोस्ट रुचीने मला वाचून दाखवली. मग मी सायलीकडून वेगळी वाचून घेतली, तेव्हा कळलं, 'तिच्यावरही माझं लक्ष आहे' हे पोरीने गाळलं होतं. परत घालायला लावलं.

आमच्या मालकांच्या वेळी घरात एकदाही वाचणारं कोणी नव्हतं. आता दोनदा वाचणारं आहे... एवढं पुरे.