माळवदावरची मनुबाई

रहिमतपुरात आमच्या आळीला काही घरं अशी होती, की जाणारा-येणारा मान वर करून बघायचाच. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, दारावर कोरलेली वेल अन् पोपट. त्यात जोतीरामाचं घर लय देखणं. म्हणजे बघणाऱ्याला. आत राहणारी त्याची बायको मनुबाई म्हणायची, "पोपट भाईर हायती, मी आत हाय."

मनुबाई कुंडलची. हाडापेरानं दणकट, तोंडाची फटकळ. लग्न होऊन आली तवापासून त्या घराचं माळवद तिच्याच डोक्यावर. माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या अन् फळ्यांवर हातभर मातीचा थर. मिरगाच्या आधी पांढऱ्या मातीच्या पाट्या घेऊन शिडी चढायची, माती पसरायची, चोपायची. श्रावणात वर गवत माजलं की उपटायचं. न्हाई तर मुळं खाली उतरत्यात अन् त्यांच्या वाटेनं पाणी. इतकं करूनही गळायचं, अन् नेमकं चुलीवर. जोतीराम खाली उभा राहून लोकांना दारावरची वेल दाखवायचा.

तिच्या भावानं, बाळासोनं, उसाच्या जोरावर कुंडलला स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीहून परत आल्यावर मनुबाई देव बघून आल्यागत सांगत सुटली, "वर काय म्हंजी काय उगवत न्हाई, बायांनो!" मग तिनं नवऱ्यामागं टुमणंच लावलं. निदान चुलीवर तरी स्लॅब टाका. जोतीरामानं लय वर्षं 'बघू बघू' केलं, अन् शेवटी दिवाळीनंतर टाकतो म्हणून कबूल केलं.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. ऐन श्रावणात बातमी आली : साताऱ्याहून दोन सायेब येणार, जुनी कोरीव घरं बघून नोंद करणार. नोंद झालेल्या घराला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई.

बघायला येणार म्हटल्यावर आळी काय गप बसती? पावणे बघायला येणार म्हणून पोरीला पावडर लावावी, तसा सगळ्यांनी घरांना तेलरंग फासला. शेजारच्या भामाबाईचे खांब हिरवेगार झाले, खांबावरचे घोडे गुलाबी. जोतीरामानं मात्र लाकडाला जवसाचं तेल चोळलं अन् बसला.

सायेब आले. गुलाबी घोडे बघून थोरल्या सायबांनी कपाळाला हात लावला. रंग खरवडला तर कोरीव कामाची धार जाणार. एकेक घर सोडत ते जोतीरामाच्या दारात येऊन थांबले, अन् हललेच न्हाईत. "हेच," म्हणाले. जोतीराम फुगला. आळी जमली. मनुबाई चहा घेऊन आली.

"सायेब, म्हंजी आता घर पाडायचं न्हाई?"

"विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही, बाई."

"आन् माळवद?"

"तेच तर खरं! असं माळवद आता राहिलंय कुठं?"

"ऱ्हायलंय, कारण मी वर चढतीया."

सायेब हसले. मनुबाई हसली न्हाई. तिनं सायबांच्या हातातली कपबशी काढून घेतली. "शिडी लावल्याली हाय. चला वर."

धाकटे सायेब खरंच चढले. गुडघाभर गवत, चिखलात बूट रुतलेला. उतरून चुलीपाशी गेले, तर थेंब थेट मानेवर.

"आवं, जरा सरका," मनुबाई म्हणाली, "तिथं म्या घमेलं ठेवती."

दोघा सायबांनी मागची बाजू बघितली. सैपाकाची खोली जोतीरामाच्या बापानं मागनं जोडलेली, कोरीव काही न्हाई. थोरले म्हणाले, "ही खोली नोंदीतून वगळू. इथं स्लॅब टाका. पण पुढचं माळवद असंच राहिलं पाहिजे. दर वर्षी माती पडली पाहिजे."

मनुबाई नवऱ्याकडं वळली. "ऐकलं न्हवं? नोंदीच्या कागदावर सही तुमी करणार, मान तुमचा. मग पाटीबी तुमीच उचलायची."

"आगं, पावण्यांम्होरं..."

"पावण्यांम्होरंच इचारतीया. उचलणार का न्हाई?"

भामाबाई फिसकन हसली. जोतीरामानं दाराकडं बघितलं, आळीकडं बघितलं. मान तर गळ्यात पडलाच होता. "उचलतो," म्हणाला, अन् सही केली.

दिवाळी झाल्यावर चुलीवर स्लॅब पडला. पुढच्या मिरगाला जोतीराम धापा टाकत पाट्या वाहत होता, अन् मधल्या आळीतली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत होती.

चैतात तो स्लॅब तव्यागत तापायचा. भाकरी थापता थापता मनुबाई घामानं न्हाऊन निघायची. भामाबाई म्हणाली, "लय उकडतंय गं तुझ्यात!"

"उकडू दे," मनुबाई म्हणाली. "घाम पुसता येतो."