सासूबाईंच्या पाठीवर पाय

गणपतीला आठ दिवस राहिले की आमच्या वाडीत देवापेक्षा कमरेची काळजी जास्त. मुंबईचे चाकरमानी बोटीनं यायच्या आत बायकांनी घर सारवायचं, भात कांडायचं, मोदकांची पिठी दळायची. तेवढ्यात कुणाची ना कुणाची उसण भरायचीच. मग ती बाई कमरेवर हात धरून माझ्याकडे यायची, कारण मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले होते, आणि पायाळू माणसानं पाठीवर तीनदा लाथ मारली की उसण उतरते, असा समज. माहेरी मांडवीला मला कुणी विचारत नसे. देवरुखाकडच्या सासरी मात्र बायका रांग लावत. दुभत्या गायीच्या लाथा गोड म्हणतात. माझ्या बिनदुधाच्याच गोड होत्या.

ही तीस सालच्या आगेमागेची गोष्ट. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. नवरा मुंबईला गिरणीत. मला चौथा महिना होता. आदल्या वर्षीही मला दिवस गेले होते. तेव्हा याच गडबडीत सासूबाईंनी भाताची भरलेली पाटी उचलायला सांगितली, मी उचलली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. मी त्यांना क्षमा केली नव्हती, हे आज लिहायला हरकत नाही.

या खेपेला त्यांनी मला कशाला हातच लावू दिला नाही. पाणी त्या आणत, मुसळ त्या धरत. मला वाटे, ही बाई मला आता बिनकामाची समजते. वाडीतल्या पोरींना त्या बजावत, "वाकून उचलू नको गो. आधी उकिडवी बस, ओझं अंगाशी घे, मग ऊठ." आणि स्वतः साठीच्या घरात असून कमरेत वाकून पाट्या उचलत. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

गणपती परवावर आला आणि त्या पडवीत ओणव्या झाल्या त्या तशाच राहिल्या. तेल चोळलं, निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं, काही उपयोग नाही. शेजारीण म्हणाली, "वैनी, घरात पायाळू सून असताना पाल्यानं कसलं शेकताय?"

सासूबाई उसळल्या. "सुनेचा पाय सासूला लागायचा? तिच्या पोटात पोर आहे. पाप कुणाच्या माथी जाईल?"

शेजारीण गेली. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. सगळं काम पडलेलं, मुलगा उद्या येणार, आणि मला तर त्या तांब्याही उचलू देईनात. शेवटी म्हणाल्या, "दार लाव गो. मार लाथ."

मी पाय नुसता टेकवला. दुसऱ्यांदाही तसाच. मला भीती वाटत होती, पापाची आणि त्यांची.

"ही काय लाथ झाली?" त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "गेल्या साली मी ती पाटी उचलायला सांगितली नसती, तर आज घरात पोर रांगलं असतं. मला ठाऊक आहे. तुझ्याही मनात आहे. वर्षभर बघत्येय मी. हाण."

तिसरी लाथ मी मारली. जोरात मारली, आणि औषध म्हणून मारली नाही.

त्या कळवळल्या. मग हळूहळू त्या वळल्या, अर्ध्यामुर्ध्या सरळ झालेल्या. मला रडू फुटलं. त्यांनी जवळ घेतलं नाही, ती त्यांची रीतच नव्हती.

"आता मनात ठेवू नको," त्या म्हणाल्या.

मी नाही ठेवलं.