कोळशाने लिहिलेली भिंत

ट्रंक कॉल काही लागला नाही. सुधाकर गेल्याची बातमी शेवटी पोंभुर्ण्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने आणली. "भाऊ, तुमचे गणिताचे सर... ताप डोक्यात गेला," एवढं बोलून तो कॉलेजच्या पायरीवरच बसला. मलेरिया आमच्याकडे कुणाला होत नाही? माणूस कण्हतो, कुथतो, उठून कामाला लागतो. हा उठला नाही. महिना उलटला, तरी मला त्याचा राग येतो आणि रागामागून रडू.

चंद्रपूरच्या एकाच कॉलेजात तो गणित शिकवायचा, मी मराठी. शनिवार आला की तो गावी एकट्या मायकडे पळायचा, कधी मलाही सोबत न्यायचा. दर शनिवारी तो पोचण्याआधी माय आतली भिंत पांढऱ्या मातीने सारवून ठेवायची आणि हा चुलीतला कोळसा घेऊन तिच्यावर गुरुत्वाकर्षणाचं गणित मांडायचा. "कागद उलटला का मागचं दिसत नाई," म्हणायचा. डावीकडे अवकाश आणि काळ मिळून कसे वाकलेत त्याचा हिशेब, उजवीकडे तिथल्या वस्तुमानाचा आणि ऊर्जेचा, मधे बरोबरचं चिन्ह. दिसायला एक ओळ, पण उलगडली की एकमेकांत गुंतलेली दहा समीकरणं. मला ते सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माय मात्र ऐकायची.

एकदा त्याने धान साठवायच्या ढोलीच्या, म्हणजे कणगीच्या, फुगीर पोटावर बांबूची पातळ कमची टेकवली आणि जाईल तशी जाऊ दिली. कुठेही न मुरडता ती सरळ निघाली, तरी ढोलीला वळसा घालून गेली.

"कोण वाकवून राह्यलं हिले?" मायने विचारलं.

"कोणी नाई, माय. ढोलीच गोल हाये. धरती बी सूर्याभोवती अशीच आपल्या सरळ वाटेनं चालून राह्यली. ओढणारं कोणी नाई."

"मंग मोहाच्या झाडावरून पडला तं हाडं काऊन मोडते?"

"जमीन आडवी येते म्हणून!"

माय इतकी हसली की चुलीवरची भाकर करपली.

शेवटच्या खेपेला मी होतो. ताऱ्याबाहेरच्या रिकाम्या जागेचं गणित मांडताना त्याने उजवीकडे शून्य लिहिलं. "तिथं काहीच नाही, तर वाकणार काय?" मी विचारलं. "तारा दूर असला तरी वाकते. उजवीकडं शून्य आलं म्हणजे सारं सपाट झालं, असं नाई," तो म्हणाला. तेव्हाच त्याला कणकण होती. गणित अर्धं सोडून तो खाटेवर आडवा झाला...

तो गेल्यानंतरच्या विधीला घरात बुद्धवंदना चालू होती आणि माझी नजर त्या भिंतीवर खिळली होती. त्याच्या हाताचं एवढंच उरलं होतं. निघताना मायला बजावलं, "फोटोग्राफर घेऊन येतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नका."

पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो, तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती, ओली होती. मायचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. माझा तोल गेला. "माय, काऊन पुसलं? आता कुठून आणू मी ते?"

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि राहिलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "तो येत नाई, हे मले समजते, भाऊ. पण शनिवार तं येतेच ना."