दोनशे बारा ठणठणीत मुली

आमच्या कॉलेजात आरोग्य केंद्र आहे. दारावर पाटी आहे, आत लोखंडी कॉट आहे, कॉटवर गादी आहे आणि गादीवरचं प्लॅस्टिक तीन वर्षांत कुणी काढलेलं नव्हतं. खोलीला कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात. झरी जामणीच्या जंगलपट्टीतल्या पोडांवरून, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरून, मुली उपाशीपोटी जीपला लटकून येतात आणि वर्गात चक्कर येऊन पडतात. त्यांना त्या कॉटवर झोपवायची सोय नव्हती. ती कॉट दाखवायची होती.

खरं आरोग्य केंद्र फाटकाजवळच्या स्टुलावर बसायचं. पंचफुला मुनेश्वर, शिपाई. वय चोपन्न, उंची बेताची, आवाज मात्र पार बसस्टॉपपर्यंत जाईल असा. कॉलेजात लागण्याआधी बाईंनी एका आश्रमशाळेत बारा वर्षं स्वयंपाक केला. तिथे तपासणीला येणाऱ्या एका नर्सनं त्यांना खालची पापणी ओढून रक्त कसं बघायचं ते शिकवलं होतं. तेव्हापासून ती सवयच लागली. सकाळी फाटकातून आत येणारी प्रत्येक मुलगी बाईंपुढे थांबायची, बाई अंगठ्यानं पापणी खाली ओढायच्या, आतला रंग बघायच्या आणि पाठीवर थाप मारून सोडायच्या. पांढरी दिसली तर डब्यातला गूळ-शेंगदाण्याचा लाडू हातावर. मुली हसत त्याला ‘बाईची हजेरी’ म्हणायच्या. आमच्या हजेरीपटापेक्षा ती हजेरी कितीतरी खरी होती.

बाईंची दुसरी सवय वाचायची. ज्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं की हाती आलेला कागद वाचल्याशिवाय पुढे द्यायचा नाही. बाई सातवीपर्यंतच शिकल्या, पण भजी बांधून आलेला कागदही तेल पुसून वाचायच्या. ही सवय पुढे आम्हाला फार महागात पडली, आणि पडायलाच हवी होती.

मी कोण, तेही सांगून टाकतो. मी तिथे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचो. दर जूनमध्ये नेमणूक नव्यानं, म्हणजे दर जूनमध्ये कुणाच्या तरी मर्जीनं. अशा माणसाच्या गळ्यात कॉलेजातल्या सगळ्या समित्या बांधतात. विद्यार्थी कल्याण मी, तक्रार निवारण मी, आरोग्य समितीचा समन्वयकही मीच. आणि माझं अक्षर चांगलं. त्या अक्षराची मला आता किळस येते.

फेब्रुवारीत एके सकाळी बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या दीपा टेकामबद्दल बोलायचं होतं. तिचे डोळे पिवळे दिसतात, थंडीत गुडघे धरून बसते, तिचा मोठा भाऊ असाच सांधे दुखून दुखून सोळाव्या वर्षी गेला, असं सगळं त्यांनी सांगितलं. तिला वणीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासा, सिकलसेल असेल, रक्ताचा तो आजार घराण्यातूनच येतो, असा त्यांचा हेका. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात कॉलेजात तपासणी शिबिर आहेच, तिथे होईल.

शिबिराच्या दिवशी मंडप पडला, बॅनर लागला, सरस्वतीच्या फोटोला हार पडला. डॉक्टरांचं पथक काही आलं नाही. त्यांची गाडी दुसरीकडे गेली म्हणे. पंधरा दिवसांनी कॉलेजची पाहणी करायला समिती येणार होती, आणि तिला दाखवायला मुलींची दोनशे बारा आरोग्य कार्डं छापून तयार होती. कोरी. प्राचार्य कमलाकर सरांनी मला खोलीत बोलावून चहा पाजला आणि कार्डं भरून टाकायला सांगितलं. म्हणाले, कागद पूर्ण दिसला पाहिजे, तपासणी काय नंतरही करता येते.

मी ती एका दुपारीत भरली. हिमोग्लोबिन बारा, साडेअकरा, बारा पूर्णांक दोन. सगळे आकडे सारखे दिसू नयेत एवढी काळजी मात्र घेतली. सिकलसेलच्या रकान्यात दोनशे बारा वेळा ‘नाही’. पावणेतीन तासांत मी अख्ख्या कॉलेजच्या मुली ठणठणीत केल्या. कुठल्या धन्वंतरीला जमलं नसेल.

कार्डांवर गोल शिक्के मारायचं काम बाईंकडे गेलं, आणि बाईंनी ती वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या तीन मुली महिनाभर कॉलेजातच आल्या नव्हत्या, त्यांचीही कार्डं भरलेली होती.

“जे पोट्टी आलीच नाही तिचंबी रगत मोजलं का सर तुमी?”

मी म्हणालो, बाई, हे समितीपुरतं आहे, नंतर परत घेऊ. उरलेल्या कार्डांना त्यांनी शिक्का मारला नाही. तो लिपिकानं मारला. आणि कमलाकर सरांना असा हुरूप चढला की त्यांनी टाळ्यांच्या गजरात सगळी कार्डं मुलींना वाटून टाकली. फोटोही काढला.

बाई दीपाला म्हणाल्या, तो कागद खरा नाही, माझ्यासोबत वणीला चल. दीपा हसली. भाऊ गेल्यापासून ज्या शब्दाला तिचं घर घाबरत होतं, त्याच्यापुढे छापील कार्डावर ‘नाही’ लिहिलं होतं. तिच्या आईनं, सुखीबाईनं, ते कार्ड जातीच्या दाखल्यासोबत पिशवीत घालून वर टांगलं. त्या दिवशी घरी कोंबडं कापलं म्हणे. गोल शिक्क्यापुढे शिपायाच्या अंगठ्याला कोण विचारतं? दीपानं सांधेदुखीचं नावच टाकलं आणि समितीच्या स्वागताच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत उभी राहिली. कार्ड समितीला दाखवायला सोबत आणायचा हुकूम होता, म्हणून पिशवीतून काढून तेही घेऊन आली.

मार्चचं ऊन. समिती दहाला येणार म्हणून मुली आठपासून मैदानात उभ्या. पाण्याचं पिंप मंडपामागे, आणि रांग मोडायची नाही असा हुकूम. अकरा वाजले तरी गाड्यांचा पत्ता नाही. सव्वाअकराला दीपा खाली बसली, मग आडवी झाली. पाय पोटाशी घेऊन ती अशी कण्हत होती की लेझीमचा सराव आपोआप थांबला.

बाईंनी तिला एका बाजूनं उचललं, दुसऱ्या बाजूनं मी. समितीसाठी आरोग्य केंद्र त्या दिवशी उघडलेलं होतं. कमलाकर सर दारात आडवे आले. इथे नको, गादी मळेल, ग्रंथालयामागच्या खोलीत न्या, गाड्या फाट्यावर पोचल्यात, असं ते दबक्या आवाजात म्हणाले.

“कॉट पाह्याले नसते सर, निजाले असते,” बाई म्हणाल्या, आणि एका हातानं त्यांनी ते तीन वर्षांचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

माणूस किती खाली जाऊ शकतो ते मी पुढच्या दहा मिनिटांत पाहिलं. समिती आत आली. कमलाकर सरांचा चेहरा क्षणात उजळला. विद्यार्थिनींना इथे तत्काळ प्रथमोपचार मिळतो, असं म्हणत त्यांनी कण्हणाऱ्या दीपाकडे हात केला. एका सदस्यानं फोटो घेतला. अध्यक्षांनी तिचं कार्ड हातात घेऊन वाचलं आणि नोंदी व्यवस्थित ठेवल्याबद्दल माझं कौतुक केलं. माझं!

बाईंनी फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका तोवर आली. डॉक्टर तरुण होता. त्यानंही आधी कार्डच पाहिलं, आणि त्याची काय चूक? हिमोग्लोबिन बारा, सिकलसेल नाही. ऊन लागलंय, उपाशी असेल, सावलीत ठेवून पाणी पाजा, एवढ्यासाठी वणीला न्यायची गरज नाही, असं म्हणून तो निघायला लागला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “सर, तुमी सांगता का मी सांगू?”

मी समितीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, जूनकडे पाहिलं. आणि गप्प राहिलो. हे वाक्य मी गुळमुळीत करून लिहू शकलो असतो, पण नाही. मी गप्प राहिलो.

बाईंनी माझ्या खिशातला पेन काढला, डॉक्टरच्या हातातलं कार्ड घेतलं आणि माझ्या सुंदर अक्षरांवर आडवं लिहिलं: हे खोटं आहे. हिचं रक्त तपासलं नाही. भाऊ सांधे दुखून मेला. खाली सही केली, पंचफुला मुनेश्वर, शिपाई. डॉक्टरनं ते वाचलं, दीपाची पापणी ओढून डोळे पाहिले आणि स्ट्रेचर मागवलं. ती वणीला गेली, तिथून यवतमाळला. सिकलसेलच निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत सावलीत ठेवली असती तर आम्हाला काही करता आलं नसतं.

दीपा वाचली. औषध चालू आहे.

समितीनं आमच्या आरोग्य केंद्राला तरीही चांगला शेरा दिला. आणि बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली: महाविद्यालयाच्या अभिलेखात विनापरवाना फेरफार. चोर सोडून संन्याशाला फाशी. नोटीस लिहायचं काम कुणाकडे आलं असेल? अक्षर चांगलं ना.

नोटीस मी लिहिली नाही, ती लिपिकानं लिहिली. मी त्या रात्री तिचं उत्तर लिहिलं. दोनशे बारा कार्डं मी न तपासता भरली, अमुक तारखेला, अमुक यांच्या सांगण्यावरून. सही करून एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली, एक विद्यापीठाला पाठवली. नोटीस मुकाट्यानं मागे घेतली गेली, आणि जूनमध्ये मला तासिका मिळाल्या नाहीत. यात शौर्य काही नाही. वरातीमागून घोडं ते.

उत्तराची तिसरी प्रत मी बाईंना नेऊन दिली होती. कुठेतरी वाटत होतं, आता तरी त्या बऱ्या शब्दानं बोलतील. त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली, घडी घातली आणि विचारलं, “बाकीच्या दोनशे अकरा पोट्ट्यायचं काय?”

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं जीप धरून पोडा-पोडांवर जातो. कार्ड परत मागतो, वणीत रक्त कोणत्या दिवशी तपासतात ते सांगतो, बाई पापण्या बघतात. एकशे त्रेचाळीस कार्डं परत आली. तपासलेल्यांत आणखी चार मुलींना सिकलसेल निघाला. त्या चौघींच्याही कार्डावर माझं ‘नाही’ आहे.

गेल्या रविवारी टेकडीपलीकडच्या एका पोडावर एका आईनं कार्ड देणं नाकारलं. मुलीचं लग्न ठरत होतं. ती कार्ड पदराखाली धरून बसली. मी तिला समजावलं की हे खोटं आहे, यातलं काहीही कुणी तपासलेलं नाही, हे मी बसल्या जागी मनानं लिहिलं.

“तुमी लिवलं?” तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

“तुमी सर हाय ना,” ती म्हणाली. “मंग खरंच असन.”

ती उठून घरात गेली आणि कार्ड पुन्हा पिशवीत ठेवून आली. अंगणात तिची मुलगी तुरी पाखडत होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिची पापणी खाली ओढली.